महादेव गोविंद रानडे

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे (१८ जानेवारी १८४२, निफाड, नाशिक जिल्हा – १६ जानेवारी १९०१, मुंबई) हे न्यायाधीश, अर्थचिंतक, इतिहासलेखक आणि समाजसुधारक होते. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या चार पदवीधरांपैकी ते एक. पुण्याच्या सार्वजनिक सभेचे मार्गदर्शक, शेतकऱ्यांच्या कर्जाविषयीच्या कायद्याचे विशेष न्यायाधीश, मुंबई कायदेमंडळाचे सदस्य आणि अखेरीस मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश अशी त्यांची ओळख आहे. १८६२ मध्ये पदवी मिळाल्यापासून १८८५ मध्ये कायदेमंडळात प्रवेश होईपर्यंत तेवीस वर्षे गेली. त्या वर्षांत ते भाषांतरकार, संस्थानी कारभारी, न्यायाधीश, प्राध्यापक, पुन्हा न्यायाधीश असे फिरत राहिले. याच वाटेवर त्यांना खानदेशातील धुळ्याला जावे लागले. तेथे सरकारने त्यांच्यावर पाळत ठेवली, आणि दोनच वर्षांत त्याच सरकारने त्यांच्याकडे शेतकऱ्यांच्या कर्जाचे काम सोपवले.

बालपण

रानडे यांचे वडील गोविंद अमृत रानडे हे निफाडला कारकून होते. पुढे त्यांना कोल्हापूर संस्थानात नोकरी मिळाली आणि महादेव यांचे बालपण कोल्हापुरात गेले. अकरा-बारा वर्षांचे असतानाच त्यांची आई गोपिकाबाई वारल्या. लहानपणी ते मंद आणि अबोल वाटत. मुलगा पुढे कारकुनी तरी करील की नाही, अशी घरच्यांना काळजी होती. कोल्हापूरच्या मराठी व इंग्रजी शाळांत शिक्षण झाल्यावर बालमित्र विनायक जनार्दन कीर्तने यांच्याबरोबर ते मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये दाखल झाले. हेच कीर्तने पुढे थोरले माधवराव पेशवे या नाटकाचे कर्ते म्हणून नावारूपाला आले.

विद्यापीठातील वर्षे

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले आणि पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ मध्ये झाली. तीत उत्तीर्ण झालेल्या एकवीस विद्यार्थ्यांत रानडे होते. १८६२ मध्ये विद्यापीठाने पहिली पदवी दिली, तेव्हा रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे त्यांचे सोबती होते. इतिहास आणि अर्थशास्त्र हे विषय घेऊन त्यांनी ऑनर्सची परीक्षाही दिली. १८६४ मध्ये ते एम.ए. झाले आणि १८६६ मध्ये एलएल.बी. वाचनाचा ताण एवढा झाला की या काळात त्यांच्या डोळ्यांना गंभीर विकार जडला. दृष्टीचा हा त्रास त्यांना आयुष्यभर पुरला. पुढे वाचून दाखवणारा आणि लिहून घेणारा कोणी तरी त्यांच्यापाशी बहुधा असे, त्याचे हेही एक कारण होते.

विद्यार्थिदशेतील एक प्रसंग त्यांच्या सर्व चरित्रांत येतो. मराठ्यांच्या राज्यकारभाराची इंग्रजी राजवटीशी तुलना करणारा एक निबंध त्यांनी लिहिला. तुलनेत इंग्रजांचे पारडे हलके ठरलेले पाहून प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांना बोलावून घेतले, आपल्याला शिक्षण देणाऱ्या सरकारची निंदा करू नये अशी समज दिली आणि सहा महिने त्यांची शिष्यवृत्ती बंद केली. ग्रँट यांचा या विद्यार्थ्यावर लोभ होता आणि तो पुढेही टिकला. रानडे यांनीही त्यांच्याबद्दल कधी कटुता धरली नाही. मात्र सरकारच्या पैशावर शिकणाऱ्याने किंवा जगणाऱ्याने सरकारच्या धोरणाविषयी किती बोलावे, हा प्रश्न त्यांच्यापुढे येथे पहिल्यांदा उभा राहिला. तो शेवटपर्यंत सुटला नाही.

शिकत असतानाच ते खालच्या वर्गांना शिकवीत आणि इंदुप्रकाश या पत्राची इंग्रजी बाजू सांभाळत. विधवाविवाहाच्या बाजूने विष्णुशास्त्री पंडित चालवीत असलेल्या चळवळीला त्यांनी याच पत्रातून साथ दिली.

पहिल्या नोकऱ्या (१८६६–१८७१)

त्या काळी पदवीधर तरुणाला राज्यकारभाराचे धोरण ठरवण्याच्या जागी पोहोचण्याचा सरळ मार्ग उपलब्ध नव्हता. सनदी सेवेची परीक्षा लंडनला होत असे आणि १८६३ मध्ये सत्येंद्रनाथ टागोर निवडले गेले तोवर एकाही भारतीयाला तीत यश आले नव्हते. कायदेमंडळात सरकार नेमील तोच बसे. उरत होत्या त्या दुय्यम जागा. रानडे यांनी त्यांतील जी मिळाली ती घेतली.

१८६६ मध्ये शिक्षण खात्यात हंगामी मराठी भाषांतरकार म्हणून त्यांची नेमणूक झाली. नवी मराठी पुस्तके वाचून त्यांवर अभिप्राय देणे हे या कामाचे अंग होते. मराठी ग्रंथव्यवहाराविषयी त्यांनी पुढे जे आकडेवार लेखन केले त्याचा पाया येथे घातला गेला असे म्हणता येते. त्यानंतर काही काळ ते अक्कलकोट संस्थानात कारभारी होते आणि मग कोल्हापूर संस्थानात न्यायाधीश. वडिलांच्या गावी, मानाची जागा मिळाली असताना ती सोडून ते १८६८ मध्ये एल्फिन्स्टन महाविद्यालयात इंग्रजी व इतिहास शिकवायला परतले. १८७१ मध्ये ते ॲडव्होकेटची परीक्षा उत्तीर्ण झाले. आता स्वतंत्र वकिली करून मुंबईत मुबलक पैसा मिळवता आला असता, पण त्यांनी न्यायखात्याची नोकरी पत्करली. नोव्हेंबर १८७१ मध्ये ते पहिल्या वर्गाचे दुय्यम न्यायाधीश म्हणून पुण्यास रुजू झाले.

पाच वर्षांत इतकी ठिकाणे बदलणाऱ्या तरुणाला आज अस्थिर म्हटले जाईल. प्रत्यक्षात संस्थानी कारभार, शिक्षण खाते, न्यायदान आणि वृत्तपत्र या चारही गोष्टी आतून पाहिलेला दुसरा माणूस त्या वेळी पुण्यात शोधून सापडला नसता.

पुणे आणि सार्वजनिक सभा

गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका यांच्या पुढाकाराने २ एप्रिल १८७० रोजी पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली होती. सरकारी नोकर असल्याने रानडे सभेचे पदाधिकारी होऊ शकत नव्हते. दिवसा न्यायालय आणि सकाळ-संध्याकाळ सभा, असा त्यांचा क्रम सुरू झाला. सभेचे अर्ज, निवेदने आणि अहवाल यांतील मोठा भाग त्यांनी लिहिलेला किंवा त्यांच्या नजरेखालून गेलेला असे. सह्या मात्र इतरांच्या असत.

सरकारकडे तक्रार करायची तर आधी माहिती गोळा करायची, ही शिस्त त्यांनी सभेला लावली. शेतसाऱ्याची फेरआकारणी आणि रयतेची स्थिती यांविषयी सभेने चौकशी करून १८७३ मध्ये अहवाल काढला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–१८६५) कापसाचे भाव चढले, दख्खनमध्ये पैसा आला आणि शेतकऱ्याची पत वाढली. युद्ध संपताच भाव कोसळले. नेमक्या त्याच सुमारास वाढीव सारा आला. सावकारांनी हात आखडता घेतला आणि जुन्या कर्जांचे दावे न्यायालयात दाखल केले. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चालून जाऊन कर्जरोखे जाळले आणि हे लोण अहमदनगर जिल्ह्यातही पसरले. सरकारने चौकशी आयोग नेमला.

पाठोपाठ १८७६–७८ चा भीषण दुष्काळ आला. सभेने गावोगाव माणसे पाठवून बातमी मिळवली आणि सरकारला पत्रांमागून पत्रे लिहिली. दुष्काळी कामावरील मजुराला रोज एक रत्तल धान्य आणि वर थोडे पैसे पुरेत, असे सर रिचर्ड टेंपल यांनी ठरवले होते. इतक्या अन्नावर माणूस कष्टाचे काम करू शकत नाही, हे सभेने आकड्यांनिशी मांडले. मे १८७७ मध्ये हेच टेंपल मुंबईचे गव्हर्नर झाले. जुलै १८७८ पासून सभेचे इंग्रजी त्रैमासिक निघू लागले. त्यातील बहुसंख्य लेख रानडे यांचे असत आणि त्यांवर नाव नसे.

घरच्या बाबतीत मात्र याच वर्षांत त्यांच्या हातून असे काही घडले की विरोधकांना बोलायला जागा मिळाली. १८७३ मध्ये पहिली पत्नी सखूबाई वारल्या. विधवाविवाहाचे पुरस्कर्ते असलेले रानडे विधवेशी लग्न करतील या भीतीने वडिलांनी त्यांचा विवाह तातडीने अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लावला. त्या वेळी रानडे एकतीस वर्षांचे होते. वडिलांचा शब्द त्यांना मोडवला नाही. या दुबळेपणाचे समर्थन त्यांच्या चाहत्यांनाही नीटसे करता आलेले नाही. रमाबाईंना त्यांनी घरातील विरोध सोसून शिकवले, हे तितकेच खरे.

धुळे (१८७९–१८८१)

१८७८ मध्ये रानडे यांची नाशिकला बदली झाली. पुढच्या वर्षी फेब्रुवारीपासून वासुदेव बळवंत फडके यांचे बंड सुरू झाले. फडके पुण्यात लष्करी हिशेब खात्यात कारकून होते आणि रानडे यांची स्वदेशीविषयक व्याख्याने त्यांनी ऐकली होती. १३ मे १८७९ रोजी पुण्यातील बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा या सरकारी कचेऱ्या असलेल्या इमारतींना आगी लागल्या. उन्हाळी सुटीमुळे रानडे त्या वेळी पुण्यातच होते. सुटी संपण्याची वाट न पाहता ताबडतोब धुळ्याला रुजू व्हावे, असा हुकूम त्यांच्या हाती पडला.

धुळे हे तेव्हाच्या खानदेश जिल्ह्याचे मुख्य ठिकाण होते. आजचे जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे जिल्हे मिळून तो एकच विस्तीर्ण जिल्हा होता. त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग १९०६ मध्ये झाले. रेल्वेमार्ग चाळीसगाव, जळगाव, भुसावळ असा जात होता आणि पांझरेकाठचे धुळे त्यापासून दूर पडले होते. पुण्याच्या सभांपासून आणि छापखान्यांपासून एखाद्याला लांब ठेवायचे असेल तर ही जागा सोयीची होती. बदलीच्या हुकुमात तसे कारण दिलेले नसले तरी घाईवरून ते समकालीनांच्या लक्षात आले.

धुळ्यात पोहोचल्यावर त्यांच्या नावाची पत्रे फोडून पाहिली जाऊ लागली. टपाल उशिरा येई आणि पाकिटे पुन्हा चिकटवलेली दिसत. याशिवाय बंडवाल्यांच्या नावाने त्यांना पत्रे येऊ लागली. अमक्या ठिकाणी दरोडा घालायचा आहे, तमक्या गावी उठाव होणार आहे, असा त्यांत मजकूर असे. रानडे काय करतात हे पाहण्यासाठी ती पाठवली जात असावीत. ते अशी पत्रे पाकिटासह पोलीस अधिकाऱ्याकडे पाठवून देत. रमाबाईंनी आमच्या आयुष्यातील काही आठवणी या पुस्तकात (१९१०) या दिवसांची हकिगत लिहिली आहे आणि धुळ्याच्या वास्तव्याची माहिती मुख्यतः त्यातूनच मिळते.

या परिस्थितीत त्यांच्यापुढे दोन मार्ग होते. नोकरीचा राजीनामा देऊन उघडपणे सरकारशी झगडायचे, किंवा लेखणी खाली ठेवून निमूट न्यायदान करायचे. ते दोन्हींपैकी काहीच न करता पूर्वीचेच काम करीत राहिले. सभेच्या त्रैमासिकातील निनावी लेख थांबले नाहीत. १८७९ आणि १८८० च्या अंकांत दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जाविषयीचे विधेयक आणि जमीन विक्रीचा कायदा या विषयांवर सविस्तर चर्चा आढळते आणि हे लेखन त्यांचेच मानले जाते. टपाल उघडले जात आहे हे ठाऊक असलेल्या माणसाने सरकारी धोरणाची अशी छाननी चालू ठेवणे, याला वेगळे धैर्य लागते. त्यांना भीरू म्हणणाऱ्यांनी धुळ्याचे हे दीड वर्ष फारसे विचारात घेतलेले नाही.

खानदेशातही विषय तेच होते. महसुली मोजणीला विरोध करण्यासाठी १८५२ मध्ये एरंडोल, सावदा, फैजपूर या भागांत शेतकऱ्यांनी मोठा उठाव केला होता. कापसाच्या तेजी-मंदीचे चटके या कापूसपिकाच्या जिल्ह्याला बसले होते. दुसरीकडे १८७० च्या दशकातच जळगावला कापडगिरणी उभी राहिली होती. कच्चा माल पिकतो तेथेच पक्का माल व्हावा, हे मत रानडे पुढे आपल्या अर्थविषयक लेखांतून मांडत राहिले.

२० जुलै १८७९ रोजी फडके पकडले गेले. खटल्यात सार्वजनिक काकांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. रानडे यांच्याविरुद्ध काहीही निघाले नाही आणि हळूहळू संशय मावळला. १८८० मध्ये टेंपल यांची कारकीर्द संपली, लॉर्ड रिपन व्हाइसरॉय म्हणून आले आणि वारे बदलले. जानेवारी १८८१ मध्ये रानडे यांची मुंबईस प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट म्हणून नेमणूक झाली.

शेतकऱ्यांच्या कर्जाचा कायदा

दख्खनच्या उठावानंतर सरकारने १८७९ मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला होता. पुणे, सातारा, अहमदनगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांना तो लागू होता. कर्जरोख्यावर लिहिलेली रक्कम प्रमाण न मानता मुळात किती दिले आणि किती फेडले याची चौकशी न्यायाधीशाने करावी, कर्जासाठी शेतकऱ्याला कैदेत टाकू नये, स्पष्टपणे गहाण दिलेली नसेल तर जमीन विकू नये, तडजोडीसाठी सलोखेदार नेमावेत, अशा त्यात तरतुदी होत्या. १८८१ मध्ये रानडे या कायद्याखाली साहाय्यक विशेष न्यायाधीश झाले आणि १८८७ नंतर विशेष न्यायाधीश. ज्या प्रश्नावर निनावी लेख लिहिले, त्याच प्रश्नाचे काम आता अधिकृतपणे त्यांच्याकडे आले.

हे काम टेबलाशी बसून होणारे नव्हते. तालुक्यातालुक्यांत फिरून कनिष्ठ न्यायालयांची दप्तरे तपासावी लागत. सावकारांच्या वह्या, अंगठे उठवलेले रोखे, व्याजात मुद्दल आणि मुद्दलात व्याज मिसळत वाढलेले आकडे त्यांनी वर्षानुवर्षे पाहिले. या कामाने त्यांना कायद्याच्या मर्यादाही दाखवल्या. गहाणखताला न्यायालयात आव्हान मिळते म्हटल्यावर सावकार सरळ खरेदीखतच लिहून घेऊ लागले. ऋणकोला संरक्षण दिले, पण पेरणीला बी-बियाण्यासाठी पैसा कोठून आणायचा हे कायदा सांगत नव्हता. म्हणून स्वस्त व्याजाने कर्ज देणाऱ्या शेतकी पेढ्या हव्यात, असे रानडे यांचे मत झाले. त्यांचे स्नेही आणि न्यायखात्यातील अधिकारी सर विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यासाठी अशा पेढीची योजना आखली. हिंदुस्थान सरकारने ती उचलून धरली, पण लंडनच्या भारतमंत्र्यांनी नाकारली.

कायदेमंडळ आणि नंतरचे आयुष्य

१८८५ मध्ये रानडे मुंबई कायदेमंडळावर नेमले गेले. १८८६ मध्ये सरकारी खर्चाची काटछाट सुचवण्यासाठी हिंदुस्थान सरकारने वित्त समिती नेमली, तिच्यावर मुंबई सरकारचे प्रतिनिधी म्हणून ते गेले. १८८७ मध्ये त्यांना सी.आय.ई. हा किताब मिळाला. त्यांना खानदेशात धाडणाऱ्या सरकारनेच आठ वर्षांनी हा सन्मान दिला. नोव्हेंबर १८९३ मध्ये न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या निधनाने रिकाम्या झालेल्या जागी ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले.

अर्थशास्त्रावरील त्यांचे विचार १८९२ च्या पुण्यातील व्याख्यानात सर्वांत स्पष्टपणे आले आहेत. इंग्लंडच्या परिस्थितीत तयार झालेले खुल्या व्यापाराचे सिद्धान्त जसेच्या तसे हिंदुस्थानला लावता येत नाहीत आणि उद्योग उभे करण्यात सरकारने पुढाकार घेतला पाहिजे, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. जावा बेटातील डच शेतीपद्धती, प्रशियातील जमीन कायदे, रशियातील भूदासांची मुक्तता असे दूरदूरचे दाखले ते आपल्या लेखांत देत. सामाजिक परिषद, पुण्यातील मुलींची शाळा, प्रार्थनासमाज, पंचहौद मिशनचे चहाप्रकरण आणि त्यानंतर त्यांनी घेतलेले वादग्रस्त प्रायश्चित्त हे त्यांच्या चरित्राचे स्वतंत्र विषय आहेत. १८९५ मध्ये सार्वजनिक सभा लोकमान्य टिळकांच्या पक्षाकडे गेली आणि रानडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८९६ मध्ये डेक्कन सभा काढली. १९०० मध्ये मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. मराठ्यांच्या इतिहासावर लिहिल्याबद्दल विद्यार्थिदशेत शिष्यवृत्ती गमावलेल्या लेखकाचा हा अखेरचा मोठा ग्रंथ ठरला.

गोपाळ कृष्ण गोखले हे त्यांचे शिष्य. आकडे तपासल्याशिवाय एकही विधान करायचे नाही, ही सवय गोखल्यांना रानडे यांच्या हाताखाली लागली. १८९७ मध्ये लंडनला वेल्बी आयोगापुढे साक्ष देताना आणि पुढे केंद्रीय कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलताना ती त्यांच्या कामी आली.

१६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईत हृदयविकाराने रानडे यांचे निधन झाले. एकोणसाठावे वर्ष पूर्ण व्हायला दोन दिवस उरले होते. १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी केलेला १८७९ चा कायदाही १९०५ पर्यंत मुंबई इलाख्यातील उर्वरित जिल्ह्यांना लागू झाला आणि खानदेश त्यांत होता.